बेळगावच्या पंक बँडने पहिल्या अल्बमचं प्रमोशन कसं करावं? सीमाभागाचा अँगल वापरावा का?

तुम्ही विचारलंय की अल्बम तयार आहे, पैसे थोडे आहेत, तर ते इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत घालावेत की पुण्या-बंगळुरूला जाऊन शो करावेत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, सीमाभागाचा अँगल वापरला तर चालेल का? मी त्या शेवटच्या ओळीसाठीच लिहायला बसलोय. चालणार नाही. वापरू नका.

आमचा बँडही बेळगावचाच, कॉलेजातला. सराव उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, गिटारवाल्याच्या काकांच्या बंद पडलेल्या मशीनशॉपमध्ये. शेजारच्या फाउंड्रीचा आवाज एवढा की आमच्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. गाणीही तिथलीच: रात्रपाळी, लेथवर बोट गमावलेला टर्नर, खानापूरची चुकलेली शेवटची बस. बहुतेक मराठी, एक कन्नड. रामोन्स या अमेरिकन पंक बँडने १९७६ मध्ये पहिला अल्बम साधारण ६,४०० डॉलरांत उरकला होता हे आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे स्टुडिओ भाड्याने घेतला तो फक्त आवाजासाठी आणि सगळं एकत्र वाजवूनच रेकॉर्ड केलं.

मग प्रमोशन. बंगळुरूच्या एकाने सांगितलं, मराठी गाणी काढा, बाकीचं बघू. तो विषय तिथेच संपला. पुण्याचा माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, कव्हरवर काळा झेंडा घ्या, १ नोव्हेंबरला रिलीज करा, पेपरवाल्यांना मी आणतो. आमचा गिटारवाला पेटलाच. "तुझं ते फाउंड्रीचं गाणं कोण ऐकूलालंय? सीमाभाग म्हटलं की पुण्यात सगळे कान देतात," हे त्याचं म्हणणं.

१ नोव्हेंबरच्या सायकल फेरीत माझे बाबा दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून जातात. १९५६ मध्ये त्या दिवशी बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून इथले मराठी लोक तो काळा दिवस म्हणून पाळतात, त्यात कितीजणांनी लाठ्या खाल्ल्या, कितीजणांवर खटले झाले. ती फेरी आमच्या सीडीची जाहिरात नव्हे. दुसरं म्हणजे आमचा ड्रमर वडगावचा, घरी कन्नड बोलणारा. त्याच्या घरी त्या दिवशी राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेचा सण. तो एवढंच म्हणाला, "माझं नाव काढून टाका की मग." त्यावर गिटारवाल्याकडे उत्तर नव्हतं, तरी हट्ट सोडेना.

त्याचा आधार होता इंग्लंडचा पंक बँड, सेक्स पिस्टल्स. वादानेच ते मोठे झाले, हे त्याचं पालुपद. घडलं ते असं. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांचा अल्बम आला, मोठ्या दुकानांनी ठेवायला नकार दिला तरी पहिल्या नंबरवर गेला. नॉटिंगहॅमच्या एका दुकानदारावर खिडकीत कव्हर लावलं म्हणून अश्लील जाहिरातींविरुद्धच्या १८८९ च्या कायद्याखाली खटला झाला आणि तो सुटला. गिटारवाल्याची गोष्ट इथे थांबते. जानेवारी १९७८ मध्ये बँडच फुटला, हे तो सांगत नाही. अल्बम येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

माझ्यासाठी प्रमोशन म्हणजे त्याच काळातला लंडनचा पंक बँड, द क्लॅश. १९७९ मध्ये त्यांनी डबल अल्बम एका रेकॉर्डच्या किमतीत विकायला लावला. पुढच्या वर्षी तीन रेकॉर्डचा अल्बम स्वस्त ठेवायचा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली. पंक अल्बमची खरी जाहिरात त्याची किंमत असते. ज्याच्यावर गाणं लिहिलंय त्याला तो घेता आला पाहिजे.

आम्ही तेच केलं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून कव्हर स्क्रीन प्रिंट करून घेतली, पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हींत, मैद्याची खळ घरी शिजवली. सीडी वडापाव-चहाच्या किमतीत, शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या गेटवर. खडेबाजारात मेमरी कार्ड भरून देणाऱ्या मोबाइलवाल्यांना गाणी फुकट दिली. रात्रपाळीचं गाणं मोल्डरांच्या फोनवर रिंगटोन म्हणून वाजायला लागलं. पुण्याच्या पेपरात बातमी आली नाही, आणि मला ती नकोच होती.

तुमच्या मूळ प्रश्नाचं: जाहिरातीवर थोडेच घाला, तेही बेळगाव, कोल्हापूर, हुबळी एवढ्याच भागापुरते. पैसे शोवर खर्च करा, पण पुणे-बंगळुरू नंतर. आधी कोल्हापूर, सांगली, धारवाड, गोवा. सगळं जवळ, रात्री वाजवून सकाळपर्यंत घरी येता येतं. गोव्यात लाइव्ह ऐकणारे आहेत. प्रत्येक शोला छापलेलं काहीतरी विकायला ठेवा, स्ट्रीमिंगमधून चहाचे पैसेही सुटत नाहीत. पोस्टरवर कन्नड घालाच. आपल्या निम्म्या ऐकणाऱ्यांची ती घरची भाषा आहे, कुणाला घाबरून नव्हे.

हे सगळं सीडीच्या काळातलं आहे, आता मेमरी कार्ड कुणी भरत नाही, तेव्हा तेवढं तुमच्या हिशेबाने बदलून घ्या. आणि तुमची गाणी खरोखरच सीमाप्रश्नावर असतील तर प्रश्नच नाही, ती छाती काढून गा, माझे बाबा पहिल्या रांगेत येतील. माझा विरोध बाहेरून चिकटवण्याला आहे. आमचा गिटारवाला अजून भेटला की म्हणतो, तेव्हा ऐकलं असतंस तर आज कुठे असतो. तुमच्या बँडमध्ये असा कुणी असेल तर अल्बममधलं कुठलं गाणं सीमेवर आहे ते त्याला विचारा. आमच्याला एकही दाखवता आलं नव्हतं.