‘मॅडम, मला एचआयव्ही झालाय का?’

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने हे विचारलं. वय २०, कॉलेजचं दुसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) झालं असं की ओळखीतल्या एका मुलीसोबत, दोघांच्या मर्जीने, एकदा संबंध आले, कंडोम नव्हता, आणि तेव्हापासून ह्याची झोप उडाली. चौथ्या दिवशी किट आणून घरीच टेस्ट केली, निगेटिव्ह. विश्वास बसेना म्हणून आठव्या दिवशी परत, परत निगेटिव्ह. मग तिसऱ्या आठवड्यात ताप आला, घसा दुखला, रात्रभर नेटवर लक्षणं वाचत बसला आणि मनाशी ठरवूनच टाकलं की आपलं संपलं.

मी आधी एकच विचारते, नेमके किती दिवस झाले? का केलंस, घरी माहितीय का, असलं काही नाही, कारण ह्या विषयात जवळजवळ सगळं दिवसांवर अवलंबून असतं. तो म्हणाला २३.

ऐकून मला वाईट वाटलं. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर ७२ तासांच्या आत पीईपी म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्याला ती लागलीच असती असं नाही, ते डॉक्टर ठरवतात, पण असं काही असतं हेच त्याला माहीत नव्हतं. कॉलेजात ह्या विषयावर एक लेक्चर झालेलं, त्यात नुसते भीतीदायक फोटो दाखवले होते म्हणे. मला ह्याचा खरंच राग येतो, घाबरलेलं पोर डॉक्टरकडे जात नाही, लपून बसतं, आणि ह्याचे ते पहिले तीन दिवस ‘कोणाला कसं सांगू’ ह्यातच गेले.

मग कागदावर तारखा मांडल्या. चौथ्या आणि आठव्या दिवशीच्या टेस्टला काही अर्थ नव्हता, खरंच लागण झाली असती तरी इतक्या लवकर त्या किटवर दिसली नसती. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन जी अँटीजेन-अँटीबॉडी टेस्ट करतात ती ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की बात संपली, घरच्या किटवर मात्र ९० दिवस धरायचे. आणि ताप-घसा तर साध्या व्हायरलनेही होतो, लक्षणांवरून एचआयव्ही आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याला हेही सांगितलं की पार्टनरला एचआयव्ही आहे आणि उपचार चालू नाहीत असं धरलं तरी पुरुषाला योनीमार्गातल्या एका संबंधातून लागण व्हायचं प्रमाण साधारण १०,००० मध्ये ४ आहे. शून्य नाही, म्हणून टेस्ट करायचीच, पण रात्र रात्र जागायची गरज नाही.

तेव्हा कुठे तो जरा सैलावला. मग मी विचारलं, बाकीच्या टेस्ट? तो नुसता बघत राहिला. हे मी वारंवार बघते, भीती सगळी एचआयव्हीची आणि क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस ह्या संबंधांतूनच पसरणाऱ्या बाकीच्या इन्फेक्शनचं नावही डोक्यात नाही. क्लॅमिडिया तर बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही, दोन आठवड्यांनंतर साध्या लघवीच्या टेस्टमध्ये कळतो. डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्याचा तोच पॉझिटिव्ह आला. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, ७ दिवस, दिवसातून दोनदा, तोवर संबंध बंद, ३ महिन्यांनी परत टेस्ट.

रिपोर्टपेक्षा त्याला जड गेलं तिला सांगणं. तिने दुसऱ्याच दिवशी इमर्जन्सी गोळी घेतली होती, पाळीही आली होती, म्हणून ह्याच्या मते तिचा विषय संपलेला. पण ती गोळी गर्भ राहू नये म्हणून असते, इन्फेक्शन थांबवत नाही, आणि मुलीत क्लॅमिडिया तसाच राहिला तर गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत चढू शकतो, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. तो म्हणाला ती मला काय समजेल. मी म्हटलं, कोणाकडून कोणाला आलं हे आता कळणार नाही, शोधूही नकोस, फक्त माहिती दे.

माझ्यासमोर बसूनच मेसेज टाईप केला, चार वेळा खोडला. शेवटी एवढंच राहिलं, ‘माझी क्लॅमिडियाची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, औषधाने बरा होतो, तूही करून घे, सोबत यायला हवं असेल तर येतो.’ थोड्या वेळाने तिचा रिप्लाय आला, ‘उद्याच जाते. ये तू पण.’

४६व्या दिवशीची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली, ते त्याने मला फोन करून कळवलं.