एकच चाकू, तीन कामं?

प्रश्न : दापोलीला खाडीत गळ टाकायला जातो, कधी जंगलात कॅम्प, घरी भाजी मटण पण मीच करतो. शिकार, मासे, किचन सगळ्याला चालेल असा एकच चाकू सांगा ना.

उत्तर : शिकारीचं आधी डोक्यातून काढा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे, रानडुक्कर वगैरे सुद्धा आपल्या मनाने नाही मारता येत. राहिले मासे आणि किचन. तर साधारण 10 सेंमी पातं, स्टेनलेस, न घडी होणारा घ्या, स्वीडनच्या मोरा कंपनीच्या चाकूंत असे मिळतात आणि फार महाग पण नाहीत. घडीचा नको, सांध्यात खवलं आणि रक्त अडकतं, मग दोन दिवसांनी बॅगेला जो वास येतो तो विचारूच नका! कार्बन स्टीलला धार झकास लागते पण खाऱ्या पाण्यात लगेच गंज, म्हणून स्टेनलेसच. बांगडा साफ करायला, दोर कापायला, कांदा चिरायला एवढं पुरतं. मोठ्या सुरमईच्या तुकड्या मात्र त्याने नाही व्हायच्या, तिथे घरची विळीच, आणि मटणाचं हाड खाटकाकडूनच तोडून आणा, पातळ धारेचे तुकडे पडतात.