कर्ण चांगला की वाईट?

प्रश्न असा आहे की कर्ण मनाने एवढा मोठा, मग त्याच्या हातून वाईट का घडलं? बहुतेक जण उत्तर देतात: परिस्थितीमुळे. मला ते अर्धंच पटतं.

सूतपुत्र म्हणून झालेला अपमान खराच. पण द्यूतसभेत त्याला कुणी भरीस घातलं नव्हतं. द्रौपदीच्या बाजूने विकर्ण उभा राहिला, तोही दुर्योधनाचा सख्खा भाऊ! त्याला गप्प केलं ते कर्णाने. द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं उतरवा असं सांगणाराही तोच. (मालिका बघून कर्णाचे चाहते झालेल्यांना हे सहसा माहीत नसतं.)

आता उद्योगपर्व बघा. कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. दुर्योधनाचं मीठ खाल्लंय, अधिरथ-राधेने वाढवलंय, हे सगळं आहेच. वर तो कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाच्या हवाली करीन. आपली बाजू हरणार हे त्याला ठाऊक आहे, पांडवांना टोचून बोलल्याचा पश्चात्तापही तो त्याच भेटीत कबूल करतो.

म्हणजे कळत होतं, पर्यायही होता. दुर्योधनाचा सावत्र भाऊ युयुत्सू याने तो निवडला, ऐन रणांगणात बाजू बदलली. विकर्ण मात्र बोलूनही भावाकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मेला. खरं सांगायचं तर मला कर्णापेक्षा या विकर्णाचाच जास्त विचार पडतो.