पर्ड्यूने मॅट पेंटर यांना निरोप द्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने वीस वर्षांनंतरही राष्ट्रीय विजेतेपद न मिळवू शकलेल्या मॅट पेंटर यांना निरोप देऊन नवा प्रशिक्षक आणावा का, आणि या संघाला पुढे काही भवितव्य आहे का.

निरोप देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे उत्तर मी ऑक्टोबर 2025 मध्ये लिहीत आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या राष्ट्रीय क्रमवारीत पर्ड्यू आपल्या इतिहासात प्रथमच पहिल्या क्रमांकावर आहे. अशा वेळी हा प्रश्न वाचून मला आश्चर्य वाटायला हवे होते, पण वाटले नाही, कारण 17 मार्च 2023 च्या रात्री ओहायोतील कोलंबसहून पर्ड्यूशेजारच्या लाफिएटला परतताना हाच प्रश्न मी गाडीत चार तास ऐकला आहे.

मी 2019 च्या ऑगस्टमध्ये नागपूरहून पर्ड्यूत शिकायला आले. नागपूरचेच एक ज्येष्ठ विद्यार्थी, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून दादा म्हणत आले, त्यांनी मला विमानतळावरून आणले, खोली मिळेपर्यंत दोन आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि त्याच हिवाळ्यात पर्ड्यूच्या मॅकी अरीना या मैदानातला पहिला सामनाही दाखवला. मी शाळेत आणि कॉलेजात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू, म्हणून खेळले होते, त्यामुळे खेळ मला नवा नव्हता. नवा होता तो त्या घुमटाखालचा आवाज, जो कानांना नव्हे तर छातीला जाणवतो. दादा 2013 साली पर्ड्यूत आले होते. त्या हंगामात संघ बिग टेन या आपल्या लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिला होता आणि पेंटर यांना काढा, असे तेव्हाही अनेकजण म्हणत होते. 2016 मध्ये लिटल रॉकविरुद्ध हातात आलेला सामना दुसऱ्या जादा वेळेत हरलेला दादांनी पाहिला होता. 2019 मध्ये कार्सन एडवर्ड्सने व्हर्जिनियाविरुद्ध 42 गुण केले, तरी मामादी डियाकिटेच्या शेवटच्या क्षणाच्या फेकीमुळे बरोबरी झाली आणि जादा वेळेत 80-75 असा पराभव झाला, तेही त्यांनी पाहिले होते. दादांचा राग उथळ नव्हता, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध बरेच लिहिणार आहे.

कोलंबसची तिकिटे दादांनीच काढली होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या आपल्या गटात पर्ड्यूला पहिले मानांकन होते आणि समोर सोळावे, म्हणजे शेवटचे, मानांकन असलेला, न्यू जर्सीचा फेअरली डिकिन्सन हा संघ होता. आदल्या हंगामात या संघाने अवघे चार सामने जिंकले होते. स्वतःच्या लीगची स्पर्धाही त्यांनी जिंकली नव्हती. विजेता मेरिमॅक संघ नियमानुसार अपात्र असल्याने ती जागा त्यांना मिळाली होती. त्यांचा एक गार्ड 5 फूट 8 इंचांचा होता आणि आमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, झॅक इडी 7 फूट 4 इंचांचा. वहिनींनी वाटेत खायला पराठे आणि लिंबाचे लोणचे घेतले होते, आणि दुसऱ्या फेरीच्या सामन्यासाठी रविवारपर्यंत थांबायचे, या हिशेबाने कपडेही बांधले होते.

पहिल्या दहा मिनिटांतच मला काय चालले आहे ते दिसू लागले. ते इडीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन खेळाडू उभे करत होते आणि बाहेरच्या आमच्या नेमबाजांना मोकळे सोडत होते. असा बचाव मोडण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे मोकळ्या मिळालेल्या फेकी बास्केटमध्ये घालणे. पर्ड्यूने त्या रात्री तीन गुणांच्या 26 फेकी केल्या आणि त्यांपैकी पाच यशस्वी झाल्या. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोघे गार्ड पहिल्या वर्षाचे होते. समोरच्या चपळ खेळाडूंनी त्यांना अर्ध्या मैदानापासूनच घेरले, आणि संघाने तब्बल 16 वेळा चेंडू गमावला. इडीने 21 गुण आणि 15 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळवले, पण शेवटी शेवटी त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचतच नव्हता. त्यानंतर त्याच मैदानावर मेंफिस आणि फ्लोरिडा अटलांटिक यांचा सामना होता. त्या संघांचे हजारो चाहते आधीच येऊन बसले होते, आणि उत्तरार्धात ते सगळे उभे राहून फेअरली डिकिन्सनच्या बाजूने ओरडत होते. सामना 63-58 असा संपला. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्या मानांकिताला हरवण्याची ती दुसरीच वेळ होती. दादा बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे ते उठले.

हॉटेल सोडून आम्ही रात्रीच निघालो. डेटन येईपर्यंत कोणी बोलले नाही आणि त्यानंतर दादा बोलू लागले ते थांबलेच नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की तीन वर्षांत अनुक्रमे तेरावे, पंधरावे आणि सोळावे मानांकन असलेल्या संघांकडून, म्हणजे नॉर्थ टेक्सास, सेंट पीटर्स आणि आता या संघाकडून हरणारा माणूस दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात नोकरीवर राहिला नसता. पेंटर यांना भव्य सेंटर उभा करण्यापलीकडे काही सुचत नाही. हे दोन्ही गार्ड या पातळीचे नाहीत. त्यांना बसवून बाहेरून तयार खेळाडू आणले पाहिजेत, आणि तसे न करणाऱ्या प्रशिक्षकालाच बदलले पाहिजे. मी म्हटले की मोकळ्या फेकी मिळवून देणे हे प्रशिक्षकाचे काम आहे आणि त्या बास्केटमध्ये घालणे हे खेळाडूंचे. यात पहिले काम झाले होते. त्यावर दादा म्हणाले, "तू येऊन चार वर्षंही झाली नाहीत. तुला अजून या संघाची सवय लागलेली नाही." मला ते फार लागले. रिचमंडजवळच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो, तेव्हा वहिनींनी उरलेले पराठे पुढे केले आणि म्हणाल्या, "आता दोघेही पुरे करा." आम्ही पराठे खाल्ले आणि गाडी सुरू होताच पुन्हा भांडू लागलो. पहाटे माझ्या घरासमोर उतरताना मी जे बोलले ते येथे लिहीत नाही, पण ते धाकट्या बहिणीने बोलण्यासारखे नव्हते.

त्या उन्हाळ्यात दादांना टेक्सासमध्ये नोकरी लागली. सामान भरायला मी गेले, पण आम्ही दोघांनीही बास्केटबॉलचे नाव काढले नाही, आणि जी दोन माणसे आठवड्यातून तीनदा याच विषयावर बोलत असत त्यांच्याजवळ मग बोलायला फारसे उरले नाही.

पुढच्या हंगामात काय झाले ते आपल्याला ठाऊक असेलच. पेंटर यांनी संघ मोडला नाही. स्मिथ आणि लॉयर हेच दोघे पुन्हा सुरुवातीपासून खेळले. चेंडू सांभाळण्याची उणीव भरून काढण्यासाठी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स या एकाच अनुभवी गार्डला आणले गेले, आणि तो संघ तीन गुणांच्या फेकींत देशातील उत्तम संघांपैकी एक ठरला. डेट्रॉइटमध्ये टेनेसीविरुद्ध इडीने 40 गुण केले आणि पर्ड्यू 1980 नंतर प्रथमच फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोहोचले. ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे 8 एप्रिल 2024 रोजी अंतिम सामन्यात कनेक्टिकटने 75-60 असे हरवले. त्या रात्री दादांचा एका ओळीचा संदेश आला: "शेवटी हरलेच ना." मी उत्तर दिले नाही. ते आज देत आहे.

हे दोन पराभव एकाच जातीचे नाहीत. फेअरली डिकिन्सनने आम्हाला बाहेरून फेकी करू दिल्या आणि आमच्या त्या लागल्या नाहीत. कनेक्टिकटने याच्या नेमके उलट केले. त्यांनी इडीला बहुतेक वेळ एकाच खेळाडूवर सोडले, त्याला 37 गुण करू दिले आणि नेमबाजांना इतके चिकटून धरले की पर्ड्यूला तीन गुणांच्या केवळ सात फेकी करता आल्या व त्यांतली एकच लागली. एका वर्षात जो संघ पहिल्या प्रकारच्या पराभवावरून दुसऱ्या प्रकारच्या पराभवापर्यंत येतो, त्याचा प्रशिक्षक शिकत असतो. आणि ज्या गार्डला बसवा असे मला गाडीत सांगितले गेले, तो ब्रेडन स्मिथ 2025 मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

प्रशिक्षक बदलल्याने काय होते हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. याच राज्यातल्या ब्लूमिंग्टनपर्यंत गेले तरी पुरते. तेथील इंडियाना विद्यापीठाने 2000 साली बॉब नाइट यांना काढले. तेव्हापासून तेथे माइक डेव्हिस, केल्विन सॅम्पसन, टॉम क्रीन, आर्ची मिलर, माइक वुडसन आणि आता डॅरियन डीव्रीज असे सहा प्रशिक्षक नेमले गेले, हंगामी माणूस वेगळाच. ज्या विद्यापीठाकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदे आहेत, ते 2002 नंतर एकदाही फायनल फोरला गेलेले नाही. त्याच पंचवीस वर्षांत पर्ड्यूला दोनच प्रशिक्षक लाभले: जीन केडी आणि त्यांच्याच हाताखाली खेळलेले पेंटर. व्हर्जिनियाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सोळाव्या मानांकिताकडून हरलेला पहिला संघ त्यांचाच, 2018 मधला. त्यांनी टोनी बेनेट यांना ठेवले आणि पुढच्याच वर्षी, वाटेत आम्हालाच हरवून, विजेतेपद घेतले.

पेंटर यांचे खरे कौशल्य खेळाडू निवडण्यात आणि त्यांना वेळ देण्यात आहे, आणि हे कौशल्यही त्यांनी 2013 व 2014 च्या दोन वाईट हंगामांनंतरच कमावले. इडी कॅनडातून आला तेव्हा तो राष्ट्रीय क्रमवारीत चारशेच्याही खाली होता. पुढे तो सलग दोन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. ट्रे कॉफमन-रेन याला पहिले संपूर्ण वर्ष न खेळवता केवळ घडवले गेले. स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनचा आणि कॉफमन-रेन सेलर्सबर्गचा. तिघेही इंडियानातलेच आहेत आणि तिघेही आपल्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकले आहेत. जेथे दर वसंतात निम्मा संघ दुसऱ्या विद्यापीठात निघून जातो, तेथे ही गोष्ट विजेतेपदाइतकी दुर्मिळ झाली आहे.

आता भवितव्याविषयी. यंदाचा संघ विजेतेपदाच्या योग्यतेचा आहे. साउथ डकोटा स्टेटहून आलेला ऑस्ट्रेलियन सेंटर ऑस्कर क्लफ रिबाउंडची उणीव भरून काढेल, आणि गेल्या हंगामात सुरुवातीलाच पाय मोडलेला 7 फूट 4 इंचांचा डॅनियल जेकबसनही परतला आहे. त्यापुढचे वर्ष मात्र कठीण जाईल, कारण स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन तिघेही एकदम जातील. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर आहे, आणि त्यात फुटबॉलचा वाटा काढल्यावर बास्केटबॉलला किती उरते यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. चार वर्षे थांबणारे खेळाडू या पैशांच्या काळात मिळत राहतील का, ही माझीही चिंता आहे.

काही गोष्टी दादांच्या बाजूनेही लिहिल्या पाहिजेत. अर्ध्या मैदानापासून दबाव टाकणाऱ्या संघांपुढे पर्ड्यू वारंवार चेंडू गमावते, हा दोष कोलंबसपुरता नव्हता. त्यावर उपाय शोधायला पेंटर यांनी उशीर केला. उंच सेंटरला बास्केटजवळच ठेवणारा त्यांचा बचाव चांगल्या नेमबाजांपुढे उघडा पडतो. मार्च 2025 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदात बास्केटखालीच सोपी फेक करू दिली गेली आणि सामना 62-60 असा गेला, याची जबाबदारी प्रशिक्षकाचीही आहे. 1932 साली जॉन वूडन खेळत असतानाच्या संघाला मागाहून बहाल झालेले विजेतेपद सोडले तर पर्ड्यूच्या पुरुष संघाची पाटी अजून कोरी आहे, हेही खरे. पण 68 संघांच्या, एका पराभवात संपणाऱ्या स्पर्धेत तुम्ही प्रशिक्षकाकडून एवढेच मागू शकता की त्याने संघाला दरवर्षी त्या दारापर्यंत न्यावे. जो नेतो, त्याला तुम्ही काढलेत तर त्याच्या जागी कोण येईल याचे नाव आधी सांगा. दादांना मी त्या रात्री हेच विचारले होते, आणि त्यांनी एकही नाव सांगितले नव्हते.

2026 चा फायनल फोर इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियममध्ये आहे, आणि मी आता त्याच शहरात राहते. पर्ड्यू तेथे पोहोचले तर दादा आणि वहिनींनी हॉटेल न घेता माझ्याकडेच उतरावे. तिकिटे या वेळी मी काढेन. पोहोचले नाही तरीही यावे. माझे मत तेव्हाही हेच असेल, पण पहाटे गाडीतून उतरताना जे बोलले, त्याची क्षमा मला समोर बसून मागायची आहे.