रस्त्याला नफा होतो का?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या भागातल्या रस्त्याचं रुंदीकरण होणार आहे आणि शेजारच्या मराठी मंडळींना त्याची माहिती व्हावी म्हणून त्या दोन पानांचं टिपण तयार करत आहेत. हाताशी असलेला मजकूर हिंदी आहे. त्यात ‘लागत-लाभ विश्लेषण’ असा एक मथळा आहे आणि दुसरा ‘आर्थिक एवं वित्तीय मूल्यांकन’ असा. पहिल्यासाठी ताईंनी ‘नफा-तोटा’ लिहिलं. पुण्याच्या भावानं ते वाचून चूक म्हटलं, पण बरोबर काय ते त्यालाही सांगता आलं नाही. दुसऱ्या मथळ्याबद्दल त्या विचारतात की आर्थिक आणि वित्तीय एकच ना, मग एक शब्द गाळला तर चालेल का?

ताई, गाळू नका. तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. पण आधी नफ्याकडे वळतो.

भावाचं म्हणणं बरोबर आहे. नफा आणि तोटा या हिशेबाच्या दोन बाजू नव्हेत, हिशेब संपल्यावर जे उरतं त्याची ती दोन नावं आहेत. जमेतून खर्च वजा केला आणि काही शिल्लक राहिलं तर नफा, उलट झालं तर तोटा. एका व्यवहारात दोन्हींपैकी एकच होणार. ‘लागत-लाभ’मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या कॉस्ट-बेनिफिटमध्ये, मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या. म्हणजे जोडीच चुकते. त्यापेक्षा आपला जुना ‘जमाखर्च’ जवळचा, पण तोही पुरता बसत नाही, कारण जमा ही आपल्या वहीत होते.

आणि रस्त्याचा लाभ बांधणाऱ्याच्या वहीत येतच नाही. समजा, एका सुधारलेल्या रस्त्यावरून दिवसाला ८,००० गाड्या जातात आणि खड्डे गेल्यामुळे प्रत्येकीचे सरासरी ५ रुपये वाचतात. वर्षाचे १ कोटी ४६ लाख झाले. यातला एक रुपयाही रस्ता बांधणाऱ्याच्या तिजोरीत पडला नाही. तो रिक्षावाल्याच्या खिशात राहिला, सियागंजात माल उतरवणाऱ्या ट्रकच्या मालकाकडे राहिला, शाळेच्या बसमध्ये राहिला. याला नफा म्हणायचं तर नफा कोणाचा, हे सांगता येणार नाही.

मराठीची क्रियापदं इथे फार नेमकी आहेत. नफा आपण कमावतो, काढतो. फायदा होतो, पण तो करूनही घेता येतो आणि उठवताही येतो. म्हणून ‘गैरफायदा’ हा शब्द आहे. लाभ मात्र होतो, मिळतो किंवा नुसता लाभतो. ‘थोरांचा सहवास लाभला’ म्हणताना आपण त्यात काही गुंतवलं होतं असा अर्थ निघत नाही. ज्यानं पैसे घातले नाहीत त्याच्याकडेही जो येऊ शकतो तो लाभ. ‘गैरलाभ’ असा शब्द मी अजून ऐकलेला नाही.

हा भेद शब्दांच्या हौसेपुरता नाही. १९३६ साली अमेरिकेनं पूरनियंत्रणाचा कायदा केला. सरकारनं अशा कामात केव्हा पडावं, याची त्यात कसोटी आहे: होणारे लाभ, मग ते कोणालाही होवोत, अंदाजित खर्चापेक्षा जास्त असले पाहिजेत. ‘कोणालाही होवोत’ या शब्दांवर पुढची सगळी इमारत उभी आहे. त्याआधी १८४४ मध्ये ज्यूल ड्युप्युई या फ्रेंच रस्ते-पूल अभियंत्यानं असंच काहीसं मांडलं होतं. पुलावर जेवढा पथकर जमतो तेवढाच पुलाचा उपयोग, हे त्याला मान्य नव्हतं. लोक प्रत्यक्ष देतात त्याहून जास्त द्यायला तयार असतात, आणि ते मधलं अंतरही उपयोगातच मोजलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. या अंतराला नफा म्हणताच येत नाही. लाभ म्हणता येतं.

हे मी अनुभवानं शिकलो. रस्त्यांच्या अंदाजपत्रकांच्या कामात असताना एका सभेत मी मराठीत बोललो आणि सवयीनं ‘या रस्त्यातून एवढा नफा’ असं म्हणून गेलो. मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. त्यांच्या घराचा ओटा जाणार होता. ते म्हणाले, “तुम्हाला एवढा नफा होणार आहे, तर माझ्या ओट्याचा मोबदला एवढासा का?” माझा शब्द ऐकून त्यांनी जो अर्थ घेतला तो अगदी बरोबर होता. चूक माझी होती, आणि त्या सभेत ती मला दुरुस्त करता आली नाही. ती रुखरुख अजून आहे.

आता दुसरं पारडं. ‘लागत’ हा शब्द इंदुरात आपण सगळेच बोलतो. ‘घराची लागत किती आली?’ यात आपल्याला काही खटकत नाही. पण टिपण पुण्या-नागपुरातही वाचलं जाणार असेल तर तो टाळा. तिकडच्या वाचकाला ‘लागत’ दिसलं की पुढे ‘नाही’ येईल असं वाटतं, कारण त्याच्यासाठी ते ‘लागणे’चं रूप आहे. गंमत अशी की धातू तोच आणि अर्थही तोच. ‘घराला किती लागले?’ म्हणजे किती पैसे लागले. हिंदीनं त्याचं नाम करून घेतलं, मराठीनं ते क्रियापदच ठेवलं.

मग ‘खर्च-लाभ’ म्हणावं का? अर्थ पोहोचतो, बोलताना मीही म्हणतो. पण लिहिताना एक अडचण येते, आणि ती रस्त्यांच्या बाबतीतच जास्त येते. रस्त्याच्या लाभाचा मोठा भाग म्हणजे वाचलेला खर्चच असतो: डिझेल, वंगण, टायर, सुटे भाग, गाडीचा घसारा, प्रवासाला लागणारा वेळ. म्हणजे ‘लाभ’ या मथळ्याखाली पानभर ‘खर्च, खर्च’ येतं आणि वाचणारा गोंधळतो. म्हणून मी प्रकल्पाला लागतो तो व्यय आणि रस्ता वापरणाऱ्याला पडतो तो खर्च, अशी वाटणी करतो. ‘परिव्यय’ हा शब्दही आहे. मराठी वाणिज्याच्या पुस्तकांत ‘परिव्यय लेखांकन’ असतं, तिथे परिव्यय म्हणजे कॉस्ट. हिंदीत मात्र परिव्यय म्हणजे योजनेसाठी ठरवलेली तरतूद. रोज हिंदी वर्तमानपत्र वाचणाऱ्या इंदूरकराला तो शब्द देणं म्हणजे नवा घोळ. तेव्हा साधा ‘व्यय’.

क्रमही सांभाळा. गुणोत्तर काढताना लाभाला व्ययानं भागतात, म्हणून ‘लाभ-व्यय गुणोत्तर’. ते १ पेक्षा जास्त आलं तर लाभ भारी. आणि हिंदीतला ‘अनुपात’ नको. शाळेत आपण गुणोत्तर शिकलो, तेच लिहावं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मराठीत ‘आर्थिक’ हा शब्द फार पसरला आहे. हिंदीतलं ‘वित्तीय वर्ष’ मराठीत ‘आर्थिक वर्ष’ होतं. हिंदीत ‘वित्तीय अनियमितता’, मराठीत ‘आर्थिक गैरव्यवहार’. भोपाळमध्ये वित्त मंत्री असतात, मुंबईत आपण त्यांना अर्थमंत्री म्हणतो. घरात पैशांची ओढाताण असेल तर ‘आर्थिक अडचण’. म्हणजे पैशाशी संबंध आला की आपण आर्थिक म्हणून मोकळे होतो. इतर ठिकाणी त्यानं काही बिघडत नाही. रस्त्याच्या मूल्यमापनात मात्र हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत आणि त्यांची उत्तरं परस्परविरुद्धही येऊ शकतात.

वित्तीय हिशेब एका खिशाचा असतो. ज्यानं पैसे घातले त्याला ते परत मिळतात का, हप्ते फिटतात का, हे त्यात पाहतात. आर्थिक हिशेब साऱ्या समाजाचा. पथकराचंच घ्या. वित्तीय हिशेबात पथकर ही जमा आहे, कधी कधी एकमेव जमा. आर्थिक हिशेबात तो धरतच नाहीत, कारण गाडीवाल्याच्या खिशातून नाकेवाल्याच्या खिशात पैसे गेले, समाजाकडे होते तेवढेच राहिले. डिझेलवरच्या कराचंही तसंच. वाचलेल्या डिझेलची किंमत आर्थिक हिशेबात कर वगळून धरतात. सिमेंट, डांबर, मजुरी यांचेही बाजारभाव जसेच्या तसे न घेता समाजाला खरोखर पडणाऱ्या किमतीपर्यंत कमी-जास्त करतात. जमिनीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे: वित्तीय हिशेबात मोबदला म्हणून दिलेली रक्कम येते, आर्थिक हिशेबात त्या जागेचा जो दुसरा उपयोग हुकला त्याचं मोल येतं.

म्हणून एखाद्या रस्त्यावर पथकरातून कर्जाचे हप्तेही निघत नसतील, तरी आर्थिकदृष्ट्या तो उत्तम असू शकतो. आपलं ‘परवडणे’ हे क्रियापद इथे जसंच्या तसं चालतं, फक्त कोणाला ते सांगावं लागतं. कंत्राटदाराला परवडत नाही, पण गावाला परवडतो.

हा फरक हिंदीत ‘आर्थिक’ आणि ‘वित्तीय’ या जोडीनं सहज टिकून राहिला आहे. महाराष्ट्रातल्या मराठीत ‘वित्तीय’ शासकीय कागदांत आहे, बोलण्यात नाही. इंदूरच्या मराठीत मात्र तो शेजारधर्मानं रोजचा झाला आहे. ‘लागत’ सोडा, ‘वित्तीय’ सोडू नका.

मूल्यांकन की मूल्यमापन, यावर फार वेळ घालवणार नाही. घराची किंमत ठरवणं ते मूल्यांकन, शाळेत मुलांचं होतं ते मूल्यमापन. रस्त्यासाठी दुसरा शब्द ठीक. काम सुरू होण्याआधीचं असेल तर ‘पूर्वमूल्यमापन’ लिहा, कारण रस्ता झाल्यावर पुन्हा एकदा मूल्यमापन करतात आणि ती दोन एकत्र होऊ नयेत.

तुमच्या मजकुरात डिस्काउंटिंग हा शब्द तसाच ठेवला आहे, असं तुम्ही लिहिता. त्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: वटवणे. इंदूरच्या सराफ्यात आज लोक रात्री खायला जातात, पण हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याची चिठ्ठी, वटवणं ही सराफाच्या पेढीची जुनी विद्या. पुढच्या तारखेची हुंडी आज वटवली तर पुरे पैसे मिळत नाहीत, मधल्या काळाची रक्कम कापून मिळतात. रस्त्याचे लाभ हीसुद्धा पुढच्या तारखांची हुंडीच आहे, वीस-वीस वर्षांची. आपल्याकडे रस्त्यांच्या हिशेबात बराच काळ १२ टक्के दर धरत आले आहेत. त्या दरानं १० वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज वटवले तर सुमारे ३२ रुपये होतात, आणि २० वर्षांनी मिळणारे जेमतेम १० रुपये. ‘भावी लाभांचं वर्तमान मूल्य’ असं लिहून कंसात ‘आज वटवल्यास’ घातलंत, तर रामबागेतल्या कोणत्याही आजीला कळेल.

आणखी एक जागा आहे जिथे भाषांतर घसरतं. ‘प्रकल्पामुळे होणारा लाभ’ याचं आपण ‘आधी आणि नंतर’ करतो. ते बरोबर नाही. तुलना ‘रस्ता झाला तर’ आणि ‘रस्ता झाला नाही तर’ यांची असते. रस्ता केला नाही म्हणून आजची स्थिती गोठून राहत नाही. गाड्या वाढतच जातात, खड्डे खोल होतात, राजवाड्यापाशी लागतो तो वेळ आणखी लागतो. म्हणून टिपणात दोन्हीकडे ‘तर’ आला पाहिजे.

आणि लाभ लिहिलात की लगेच ‘कोणाला’ लिहा, व्यय लिहिलात की ‘कोणाचा’. चतुर्थी आणि षष्ठी. या दोन विभक्ती गाळल्या की वाद न संपणारा होतो, हे आपण इंदुरात पाहिलं आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा, फक्त बससाठी राखलेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग (बीआरटीएस) २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो काढायला उच्च न्यायालयानं मोकळीक दिली. मधल्या बारा वर्षांत ‘फायदा काय?’ हा प्रश्न मी घरोघरी ऐकला. बसमधल्या प्रवाशाची वाचलेली वीस मिनिटं आणि मोटारीतल्या माणसाची गेलेली दहा मिनिटं एकाच वाक्यात क्वचितच यायची.

व्ययाच्या बाजूलाही हेच. १९१८ साली पॅट्रिक गेडेस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुनी वस्ती कापून सरळ रुंद रस्ते काढण्यापेक्षा आहे त्या वस्तीची जपून डागडुजी करावी, असा त्यांचा कल होता. घर मोडतं त्याचं मोल कोणत्या पारड्यात टाकायचं, हा प्रश्न या शहराला नवा नाही. तुमच्या टिपणात मोबदल्याची रक्कम असेल, पण ओटे, दुकानांचे दर्शनी भाग आणि झाडं यांची ओळ नसेल, तर ती मागा.

शेवटी, तुम्ही मागितलेली वाक्यं. ‘लागत-लाभ विश्लेषण’ याच्या जागी ‘लाभ-व्यय विश्लेषण’. ‘परियोजना का आर्थिक एवं वित्तीय मूल्यांकन’ याच्या जागी ‘प्रकल्पाचं आर्थिक आणि वित्तीय पूर्वमूल्यमापन’, आणि त्याखाली एक ओळ: ‘आर्थिक म्हणजे सर्व समाजाच्या दृष्टीनं, वित्तीय म्हणजे पैसे घालणाऱ्याच्या दृष्टीनं.’ ‘उन्नयन’ऐवजी ‘सुधारणा’. ‘चौडीकरण’ आपल्या तोंडी बसलेलं आहे आणि तुमचे शेजारी तेच म्हणतात, तेव्हा मथळ्यात ‘रुंदीकरण’ लिहा आणि आतल्या मजकुरात एकदा ‘चौडीकरण’ही येऊ द्या.