टोरंटो डाउनटाउनला भाड्याने घर घेताय? फ्लॅटच्या आधी बिल्डिंग बघा

तुम्ही विचारलंय की नोकरी युनियन स्टेशनजवळ आहे, मुलगी चार वर्षांची आहे, तर डाउनटाउनलाच टू बेडरूम घ्यावं का, आणि एवढे टॉवर बांधतायत तर भाडी उतरतील का. मी इथे बरीच वर्षं भाड्याने राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटोत दिसणारे ते चकाचक टॉवर बहुतेक कॉन्डोचे असतात, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा आणि त्यातले बरेच जण तो भाड्याने देतात. फक्त भाड्यासाठी बांधलेली बिल्डिंग, जिला इथे पर्पज-बिल्ट रेंटल म्हणतात, ती वेगळी, आणि अशा बऱ्याचशा बिल्डिंगा साठ-सत्तरच्या दशकातल्या आहेत. नंतर फार बांधल्याच गेल्या नाहीत, कारण कॉन्डोवाला साधारण 70 टक्के फ्लॅट आधीच विकतो, ते बघून बँक कर्ज देते आणि काम सुरू होतं, पण रेंटलवाल्याला विकायला काहीच नसतं, त्याने आपले पैसे घालून काही वर्षं थांबायचं आणि मग कुठे भाडं यायला लागणार, त्यामुळे जागेसाठी बोली लावताना तो मागेच पडतो.

त्यात सिटीची प्रोसेस. रीझोनिंग (त्या जागेवर काय आणि किती उंच बांधता येईल तो नियम बदलून घेणं), पब्लिक मीटिंग, पार्कवर सावली किती पडेल त्याचा अभ्यास, वाद झाला तर ओंटारियो लँड ट्रायब्युनल, म्हणजे आपल्या ओंटारियो प्रांताचं असे वाद सोडवणारं न्यायमंडळ. आमच्या ऑफिसशेजारी एका पार्किंग लॉटवर सिटीचा प्रस्तावाचा मोठा बोर्ड लागलाय, टॉवरचं चित्र, मजले, फ्लॅट किती सगळं त्यावर आहे, चित्राचा रंग उन्हाने उडाला तरी खाली गाड्याच उभ्या. शिवाय डेव्हलपमेंट चार्जेस, म्हणजे नव्या बांधकामावर सिटी घेते ती फी, 2024 मध्ये टू बेडरूमच्या एका फ्लॅटमागे 80 हजार डॉलरच्या वर होते, रेंटलला त्यात सूट आहे पण तरी ओझं मोठंच.

एका नियमाला मात्र मी अडथळा म्हणणार नाही. सहा किंवा जास्त भाड्याची घरं असलेली बिल्डिंग पाडली तर तेवढी भाड्याची घरं परत बांधून द्यावी लागतात. बिल्डरांना तो नकोसा वाटतो, पण तो नसता तर जुन्या भाडेकरूंना शहराबाहेर जाण्यावाचून पर्याय उरला नसता.

सुधारणा होतायत. डिसेंबर 2021 मध्ये सिटीने बहुतेक नव्या बिल्डिंगांना पार्किंगची सक्ती काढली, सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने नव्या रेंटलवरचा जीएसटी माफ करायचं जाहीर केलं, ओंटारियोनेही आपला वाटा सोडला. पण आज मंजूर झालेली बिल्डिंग तुमच्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या वर्षात काही उभी राहत नाही. 2024 पासून भाडी थोडी नरमली ती वेगळ्या कारणाने, जुने बुक झालेले कॉन्डो एकदम तयार झाले आणि स्टुडंट व्हिसा कमी झाले. त्याचा फायदा घ्या, एक महिना फ्री मागा, बरेच जण देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 15 नोव्हेंबर 2018 नंतर जिथे पहिल्यांदा कोणी राहायला आलं, त्या घराला ओंटारियोची भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. जुन्या घरात 2025 ला वाढ जास्तीत जास्त 2.5 टक्के होती, नव्या घरात मालक वर्षातून एकदा 90 दिवसांची नोटीस देऊन कितीही वाढवू शकतो. बिल्डरांनी जास्त बांधावं म्हणून दिलेली ही सवलत, तिची किंमत भाडेकरू मोजतो, आणि मला ते अजिबात पटत नाही. दुसरं, कॉन्डोचा मालक स्वतःला राहायला हवंय म्हणून एन-12 नोटीस देऊन घर परत मागू शकतो, कंपनीच्या रेंटल बिल्डिंगमध्ये ही भीती जवळजवळ नाही. ओंटारियोच्या स्टँडर्ड लीजवर, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या भाडेकराराच्या फॉर्मवर, हे युनिट कॉन्डोमधलं आहे का, हो की नाही, असा रकानाच असतो, सही करायच्या आधी तो वाचा.

मुलगी लहान आहे, तर मी जुनी रेंटल बिल्डिंग घेईन, डाउनटाउनच्या जरा बाहेर पण सबवेला चिकटून. एग्लिंटनजवळ, हाय पार्कला बघा. जिम नसेल, लिफ्ट हळू असेल, पण खोल्या मोठ्या. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटसारखं दरवर्षी नवीन करावं लागत नाही, वर्ष संपलं की ते आपोआप महिना-महिना चालू राहतं. आणि कोणी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं तर नाही म्हणा, कायद्याने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचंच मागता येतं.