माझा मुलगा लगेच दमतो, काय करू?

"कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत नेत नाही हो. थोडं चाललं की दमलो, थोडा अभ्यास केला की कंटाळलो. याच्यात चिकाटी येणार कशी?" आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न वारंवार माझ्याकडे घेऊन येतात. सुट्टी जवळ आली की पुढे आणखी एक प्रश्न असतो: ट्रेकला नेलं तर फरक पडेल का?

पडतो. पण कसं नेता यावर सगळं अवलंबून आहे. त्यासाठी एका कुटुंबाची हकीगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यातलं घर, मुलगा नऊ वर्षांचा. स्केटिंग, तबला, कराटे, सगळं सुरू होऊन सुटलेलं. वडील कॉलेजच्या दिवसांत गडकिल्ले फिरलेले. एका रविवारी त्यांनी मुलाला थेट सिंहगडावर नेलं, आतकरवाडीच्या पायवाटेने. हा चढ साधारण पाचशे-सहाशे मीटर उंचीचा, मधे सपाटी फारशी नाही. मुलगा सुरुवातीला पळत सुटला आणि अर्ध्या वाटेवर मटकन बसला. "ते आजोबा बघ कसे चढतायत," इथून सुरू झालेलं बोलणं "तुझ्यात दमच नाही" इथवर गेलं. दोघं तिथूनच परतले. तेव्हापासून टेकडीचं नाव काढलं की मुलाचं पोट दुखायचं. ते नाटक नव्हतं. भीतीने मुलांचं पोट खरोखर दुखतं.

वडिलांना मी आधी शरीराबद्दल सांगितलं. लहान मुलं एका संथ लयीत चालत नाहीत. ती धावतात, थांबतात, खाली बसून मुंगळा बघतात, पुन्हा धावतात. पाय आखूड असल्यामुळे मोठ्यांच्या बरोबरीने चालताना त्यांना जास्त पावलं टाकावी लागतात आणि वजनाच्या मानाने ताकदही जास्त खर्च होते. म्हणजे बाबांची आरामाची चाल ही मुलाची दमछाक असू शकते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सुचवते. शाळेची व्हॅन, क्लास आणि मोबाइल यांत दिवस संपणारं मूल महिन्यातून एकदा गड चढून ही तूट भरून काढू शकत नाही.

दुसरं काम बालरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचं. रक्तातलं लोह कमी असेल किंवा सौम्य दमा असेल, तर मूल "आळशी" दिसतं. चालताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं, रात्रीचा खोकला, फिकट चेहरा, एका पायावर लंगडणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग डोंगर. या मुलाच्या तपासण्या व्यवस्थित आल्या.

मग आम्ही सुरुवात पुण्यातल्याच पर्वती टेकडीपासून केली. १०३ पायऱ्या, रुंद आणि बुटक्या. सगळ्यात लहान माणूस पुढे चालेल आणि बाकीचे त्याच्या मागे, हे ठरलं. कुठे थांबायचं ते तो सांगेल, आणि पुढचा टप्पा कुठला तेही तोच बोट दाखवून ठरवेल. घड्याळ बघायचं नाही, दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचं नाही. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. वडिलांना हे फार जड गेलं. मागे चालणं म्हणजे त्यांना वेळ वाया घालवणं वाटत होतं.

आणि एक अट मी हट्टाने घातली: आईने बरोबर यायचंच. आपल्याकडे वडील मुलांना डोंगरावर नेतात आणि आई पहाटे उठून डबे भरून घरी थांबते. याला कुटुंबाचा ट्रेक म्हणायला मी तयार नाही. डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणि केळी असली तरी चालतं, आई वाटेवर हवी.

खरा बदल तिच्यामुळेच झाला. पर्वती सवयीची झाल्यावर ते वेताळ टेकडीवर जाऊ लागले. पहिल्याच चढाला आईला धाप लागली आणि ती सरळ म्हणाली, "थांबा रे, मला जमत नाहीये." मुलगा मागे वळला. त्याने तिला पाणी दिलं, जवळच्या दगडावर बसवलं आणि म्हणाला, "आई, आता त्या झाडापर्यंतच जाऊ." मोठं माणूसही दमतं, बसतं, पुन्हा उठतं, आणि त्याला कोणी हसत नाही, हे त्या मुलाने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याच्या लेखी तोवर दमणं म्हणजे हरणं होतं. उपदेश करून ही समजूत मोडता येत नाही, दमलेली आई ती मोडू शकते.

पुढे टेकडीचीच ओढ लागली. खाणीच्या तळ्यावर कोणते पक्षी आलेत, मोर कुठून ओरडला, पहिल्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे कुठे निघतात. डोळ्यांना काम असलं की पायांची कुरकुर कमी होते. तीच टेकडी पुन्हा पुन्हा करा असं मी सांगते ते यासाठीच. नवा गड रोमांचक असतो, पण मागच्या महिन्यात जिथे बसलो होतो ती जागा आज न बसता ओलांडली, हे ओळखीच्या वाटेवरच कळतं.

मधे एक रविवार बिघडलाही. मुलगा निम्म्यातून "परत जाऊ" म्हणाला आणि सगळे परतले. वडील रागात होते, पण बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात बूट त्यानेच आधी घातले.

पाऊस सरल्यावर, सोनकीच्या पिवळ्या फुलांच्या दिवसांत, ते सिंहगडावर पोचले. वेळ किती लागला ते मी विचारलं नाही.

"मग अभ्यासात फरक पडला का?" हे मात्र वडिलांनी विचारलंच. टेकडी चढल्याने गणित सुधारतं असं आश्वासन मी कोणालाही देत नाही. इतकं झालं की गणित अडलं तर वही मिटण्याऐवजी तो "थोडं थांबून करतो" म्हणू लागला आणि बऱ्याचदा खरंच परत बसू लागला. त्याच्या आईने हे सांगितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

भर पावसातली निसरडी वाट आणि एप्रिल-मेची दुपार लहान मुलांसाठी टाळा. पाणी तहान लागण्याआधी, घोटाघोटाने द्या. गडावर आग्यामोहोळ असतात, तेव्हा अत्तर आणि आरडाओरडा नको.

वडिलांना आता दिवाळीच्या सुट्टीत राजगड करायचाय. मी त्याआधी लोहगड सुचवला आहे. मळवली स्टेशनात उतरून चालत जाता येतं, गडावर चढायला पायऱ्या आहेत, आणि वर पोचल्यावर विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेच्या टोकापर्यंत, जायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या, असं सांगितलंय.